साडेएकावन्न तोळ्यांचा भाला

दिल्लीहून परतल्यापासून मला दिग्रसच्या बाजारातून सरळ घरी येता येत नाही. भाजीवाली विचारते, पोस्टमन विचारतो, जिनिंगच्या फाटकावरचे हमालसुद्धा पाठीवरचं बोचकं खाली ठेवून विचारतात, "बाई, मंग काय झालं म्हनता थ्या भाल्याचं?" पहिले चार दिवस मी हौसेनं सांगितलं. मग लक्षात आलं, की मी सांगितलेली गोष्ट नाल्यापलीकडे पोहोचेपर्यंत आमच्या शाळेतल्या झमकूनं दिल्लीत वाघ मारलेला असतो. म्हणून एकदाच सगळं लिहून काढते आहे. ज्यांना खरं काय घडलं ते हवं असेल त्यांनी हे वाचावं, ज्यांना वाघच हवा असेल त्यांनी बाजारात जावं.

दिग्रस

मी इथल्या मुलींच्या शाळेत गणित शिकवते. तीन वर्षांपूर्वी आमच्या ड्रिलच्या बाई बदलून गेल्या आणि मुख्याध्यापिकांनी तो तास माझ्या गळ्यात घातला. मला लेझीम येत नाही, खोखोची शिट्टी वेळेवर वाजवता येत नाही. ड्रिलमध्ये मला एकच गोष्ट आवडण्यासारखी दिसली, ती म्हणजे जी मोजता येते. म्हणून भालाफेक.

नियमांचं पुस्तक यवतमाळहून मागवलं. त्यात बायकांच्या भाल्याचं वजन दिलेलं सहाशे ग्रॅम. आता तेव्हा दिग्रसमध्ये ग्रॅम कुणी डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. शेर, छटाक आणि तोळा यांच्यावरच आमचं सगळं चाललेलं. मी फळ्यावर त्रैराशिक मांडलं, आठवीच्या वर्गाकडून दोनदा तपासून घेतलं आणि उत्तर काढलं, साडेएकावन्न तोळे. मग बुरडाकडून भरीव बांबू तासून घेतला, लोहाराकडून टोक बसवलं, आणि इतकं बारीक वजन करणार कोण, म्हणून तो भाला आबाजी सोनाराच्या दुकानात नेला. साडेसात फुटांचा भाला सोन्याच्या तराजूत कसा तोलला हे विचारू नका. दोऱ्या बांधल्या, तराजू आढ्याला टांगला, दुकानाबाहेर जत्रा जमली. लोहाराला तीनदा बोलावून टोक घासून घेतलं. शेवटी आबाजी चष्मा कपाळावर सारून म्हणाले, "बाई, गुंजभर इकडं नाही न् गुंजभर तिकडं नाही." त्या दिवशी मला जो अभिमान वाटला तो मॅट्रिकच्या निकालालासुद्धा कधी वाटला नव्हता. हा अभिमान लक्षात ठेवा, पुढे त्याची चांगलीच जिरली.

झमकू राठोड आमच्याकडे येते ती तीन मैलांवरच्या तांड्यातून. तिचे पूर्वज बैलांवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरायचे. आता तिचा बाप, भीमला त्याचं नाव, कापूस आणि ज्वारी पेरतो. ज्वारी आली की रोही येतात, आणि रोही म्हणजे नीलगाय, घोड्याएवढं जनावर, नुसतं हाड्‌हाड् करून हलत नाही. लहानपणापासून झमकू त्यांच्यावर काठ्या फेकत आलेली. तिनं पहिल्याच तासाला फेकलेला भाला मैदान ओलांडून शेजारच्या कडब्याच्या गंजीत रुतला. गंजीचा मालक भांडायला आला. कुणी फेकला ते पाहिल्यावर तो भांडण विसरला आणि "आनखी एकडाव फेक वो माय" म्हणून तिथंच उकिडवा बसला.

दोन-चार दिवसांनी भीमला भाला पाहायला आला. उंच, किडकिडीत माणूस, लाल पागोटं, हातात काळी कुळकुळीत काठी. त्यानं भाला हातात घेतला, नखानं टोकरला आणि त्याचं तोंड वाकडं झालं.

"बाई, हे तं उपाशी हाय."

"कोण उपाशी?"

"हे काठी. तेलच नाही पेली. कोरडी काठी तडकते. तुमी शिकवा, मी पाजतो."

तांड्यात माणसाची काठी म्हणजे घरचंच माणूस. तिला तेल पाजतात, उन्हात ठेवतात, पुन्हा पाजतात. तेव्हापासून दोन वर्षं भीमला रोज सांजेला जवसाच्या तेलाची कुपी घेऊन बसे आणि फडक्यानं लेकीच्या भाल्यात तेल जिरवत राही. भाला तुळतुळीत झाला, त्याच्या काठीसारखाच काळा झाला. मी म्हटलं, वा! टोक दगडावर आपटून दोनदा मोडलं, लोहारानं दोन्ही वेळा आधीपेक्षा दणकट बसवलं. मी पुन्हा म्हटलं, वा!

झमकूची फेक मी मोजणीच्या साखळीनं मोजायची. पटवाऱ्यांकडून मागून आणलेली, शेतं मोजायची तेहतीस फुटी साखळी. गेल्या दिवाळीनंतर झमकू चार साखळ्या आणि दोन फुटांवर गेली. म्हणजे एकशे चौतीस फूट. मी दिल्लीला पत्र लिहिलं. तिथं थंडीत परदेशी संघांच्या मैदानी स्पर्धा भरणार होत्या. पत्रात साखळीसकट सगळं खरं खरं लिहिलं. शिवाय झमकूच्या मागोमाग तयार होत असलेल्या आमच्या दोन मुलींची, शांता आणि कमरुन्निसा यांची नावं पुढच्या सराव शिबिरासाठी सुचवली. महिनाभर काही उत्तर नाही. मग अचानक तार आली. आपल्या संघातल्या एका मुलीचा पाय मुरगळला होता आणि जागा रिकामी होती.

यवतमाळ, नागपूर आणि आगगाडी

दिग्रसहून यवतमाळची मोटार सकाळी सुटते. मोटारीच्या टपावर कापसाचे बोद, म्हणजे गच्च भरलेली पोती, लादलेले होते आणि भाला आत न्यायचा की वर बांधायचा यावर कंडक्टर आणि भीमला यांची जुंपली.

"हे काय होय? शिकारीले चालले का बापा?"

"दिल्लीले चाललो. पोरगी फेकनार हाय."

"मंग टपावर बांधा."

"टपावर कायले? उन्हानं तेल सुकन ना त्याचं!"

शेवटी भाला आत, दोन्ही बाकांच्या मधल्या वाटेत आडवा पडला. निघताना झमकूच्या आईनं, याडीनं, त्याला हळद-कुंकू लावलेलं होतं. झालं! दारव्ह्याला चढलेल्या एका म्हातारीनं आधी भाल्याला हात लावून नमस्कार केला, मग जागा शोधली. तिचं पाहून मागच्यानं केला, त्याचं पाहून आणखी चौघांनी. बोरीअरबच्या पुलापर्यंत भाल्यावर झेंडूची दोन फुलं आणि थोडा गुलाल जमला होता. "बाई, यायले सांगू का, का देवाचा नोहे म्हनून?" झमकूनं माझ्या कानात विचारलं. मी म्हटलं, राहू दे, आपल्याला काय जड झालंय? हे मी म्हटलं तेव्हा मला काहीच ठाऊक नव्हतं.

नागपूरहून दिल्लीच्या गाडीत भाला वरच्या फळीखाली दोरीनं बांधला. इटारसीला एक पोलीस शिपाई आत आला आणि त्याची नजर थेट टोकावर. "ये हथियार किसका है?" भीमलानं तार काढून दिली. शिपायानं ती उलटसुलट वाचली, झमकूकडे पाहिलं, परत तार वाचली. मग शेजारच्या एका लठ्ठ गृहस्थांना दरडावून म्हणाला, "सरको जी, बच्ची को लेटने दो. दिल्ली में भाला फेंकेगी." ते गृहस्थ झाशीपर्यंत एका मांडीवर बसून आले. त्यांची मला दया आली, पण फार नाही.

गाडी मात्र अकरा तास उशिरा पोहोचली. ज्या दिवशी सराव करायचा तो दिवस आम्ही मथुरेच्या अलीकडे, मुळ्याच्या शेतांकडे बघत काढला.

दिल्ली, आदला दिवस

दिल्लीच्या थंडीबद्दल इथं कुणी मला काही सांगितलं नव्हतं. आमच्याकडे शाल ही लग्नात मिरवायची वस्तू. तिथं मी एका शालीवर दुसरी, त्यावर भीमलाची घोंगडी, अशी फिरत होते. वर पहाटे पाऊस पडून गेलेला. मैदान ओलं, म्हणून सराव बंद.

मुलींच्या वसतिगृहात झमकूच्या शेजारची खाट एका जपानी मुलीची होती. केइको तिचं नाव. चणीनं बारीक, पण मनगटं पाहावीत अशी. तिच्याही हातात भाला, कापडी पिशवीत घातलेला, बाळाला झबलं घालावं तसा. दोघींना एकमेकींची भाषा शून्य, पण अर्ध्या तासात दोघी झमकूचा डबा मध्ये घेऊन बसल्या होत्या. ज्वारीची भाकरी, जवसाची चटणी आणि लाल मिरचीचा ठेचा. मी खुणेनं सांगत होते, ठेचा जपून. केइकोनं बोटभर उचलला, डोळ्यांत पाणी आणलं, तीन भांडी पाणी प्याली आणि पुन्हा बोट पुढे केलं. दिल्लीतल्या जेवणाला आम्ही नावं ठेवत होतो, जाड रोट्या आणि सगळ्यात बटाटा, पण ही पोरगी आमच्या शिळ्या भाकरीचे तुकडेसुद्धा सोडेना.

पुरुषांना आत मज्जाव, म्हणून भीमला फाटकाशी कडुनिंबाखाली बसायचा. सांजेला त्यानं तिथंही कुपी काढली. केइको कुतूहलानं गेली, भाल्याचा वास घेतला आणि त्यानं दिला म्हणून हातात उचलला. "ओ!" ती म्हणाली. तिनं तो तोलला, पुन्हा "ओ!" म्हणाली, झमकूच्या दंडाकडे बोट दाखवलं आणि भाला दोन्ही हातांनी परत दिला. भीमला खूश. "पाह्यलं बाई? परदेशी लोकायले बी कदर हाय." मलाही तसंच वाटलं. हसू नका, तुम्हालाही तसंच वाटलं असतं.

दुपारी मला आपल्या संघाच्या साहेबांनी बोलावलं होतं. गळ्यात टाय, टेबलावर माझं पत्र. ते वाईट माणूस नव्हते, पण हसले, आणि त्यांचं ते हसू मला अजून टोचतं.

"मास्टरनीजी, खेत नापने की जंजीर से रेकॉर्ड नहीं बनते."

मी म्हटलं, साखळी खरी आहे. ते म्हणाले, खेड्यापाड्यांतून अशी पन्नास पत्रं येतात, प्रत्येकाची मुलगी आकाशाला हात लावते आणि इथं आली की निम्म्यावर पडते. मग त्यांनी स्पष्ट सांगितलं. उद्या हिनं पत्रातला आकडा गाठला तर ठीक. नाही गाठला तर पत्रात लिहिलेली ती दोन नावं आत्ताच खोडतो, आणि तुमच्या भागातून नुसत्या पत्रावर पुन्हा कुणालाही बोलावणार नाही. त्यांनी लाल पेन्सिल काढून पत्रावर आडवी ठेवलीसुद्धा.

मी हे झमकूला सांगायचं नाही असं ठरवलं होतं, पण माझं तोंड पाहून तिनं काढून घेतलं. ती रागावली नाही. थोडा वेळ वेणीशी चाळा करत बसली.

"म्हंजे म्या नाही फेकला तं शांता न् कमरूबी गेली का?"

"हो."

"न् तुमी खोट्या पडता."

"हो."

"आमी रोह्यायले खोटं नाही सांगत बाई. हाकलतो म्हनलं तं हाकलतो," ती म्हणाली आणि पांघरूण ओढून झोपली. मला मात्र झोप लागली नाही.

दिल्ली, स्पर्धेचा दिवस

सकाळी ऊन पडलं. मैदानाच्या कडेला एक मेज होतं, त्यावर घड्याळासारख्या तबकडीचा काटा. ज्यांना स्वतःचा भाला वापरायचा असेल त्यांनी तो आधी तपासून घ्यायचा. केइकोचा ठेवला, काटा सहाशेच्या किंचित पुढे. मी ऐटीत पुढे झाले. म्हटलं, आमचा ठेवा, गुंजभरही फरक निघणार नाही.

भाला ठेवला. काटा सहाशेवरून पुढे गेला. साडेसहाशे, सातशे... आणि आठशेच्या अलीकडे, सातशे ऐंशीवर जाऊन थांबला.

मेजावरचा माणूस काट्याकडे बघतच राहिला. मग त्यानं भाला उचलला आणि पलीकडच्या पुरुषांच्या भाल्यांच्या ढिगाकडे हात करून विचारलं, "बहनजी, ग़लती से उधर का तो नहीं उठा लाईं?" आजूबाजूला हशा पिकला. साहेबही तिथंच होते. ते मात्र हसले नाहीत, नुसते माझ्याकडे पाहत राहिले.

माझा हिशेब मात्र थांबला नाही, तेवढी सवय आहे. एकशे ऐंशी ग्रॅम जास्त. म्हणजे जवळपास साडेपंधरा तोळे. एवढं सोनं कुणी दोन वर्षांत घरात आणलं असतं तर सगळ्या दिग्रसला कळलं असतं. तेल आलं रोज थोडं थोडं, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, आणि एका गणिताच्या बाईला दुसऱ्यांदा वजन करायची बुद्धी झाली नाही. आठवीच्या पोरींकडून त्रैराशिक दोनदा तपासून घेणारी मी!

भीमला कठड्यापलीकडून पाहत होता. काय झालं ते मी त्याला सांगितलं. त्यानं खिशातली कुपी काढली, तिच्याकडे पाहिलं आणि परत खिशात ठेवली.

"मीच पोरीची वाट लावली बाई. मले वाटलं, ताकत भरून राह्यलो."

त्याच्याकडे पाहवेना. मी मेजावरच्या माणसाला विचारलं, आता? तो म्हणाला, नियम फक्त कमीत कमी वजनाचा आहे. जड चालतो, हरकत नाही. पाहिजे तर हा फेका, पाहिजे तर इथला घ्या.

आता खरा प्रश्न आला. आपला भाला ओळखीचा, त्यानं ती चार साखळ्या आणि दोन फूट गाठू शकते. म्हणजे पत्र खरं ठरतं, दोन नावं वाचतात. इथला भाला हातात कधी धरलेलासुद्धा नाही. मी झमकूला म्हटलं, आपलाच घे, जोखीम नको. तिनं तिथला एक भाला उचलला, दोनदा वर-खाली केला आणि तिच्या चेहऱ्यावर हसू फुटलं.

"बाई, हे तं पऱ्हाटी हाय!"

पऱ्हाटी म्हणजे कापूस वेचून झाल्यावर उरलेली वाळकी काडी. तिनं तो हलका भाला खाली ठेवलाच नाही. मी चिडले, खोटं कशाला सांगू. म्हटलं, हट्ट करण्याची ही वेळ नाही. ती म्हणाली, "एकडाव पाहू द्या ना."

पहिल्या फेकीला ती नेहमीसारखी धावली, नेहमीसारखा जोर लावला आणि भाला सरळ आकाशात गेला. वर गेला, वर रेंगाळला आणि शेपटीवर येऊन पडला. टोक आधी टेकलं नाही, म्हणून फेक बाद. लाल निशाण. दुसऱ्या फेकीला ती बिचकली. हात आखडून फेकला, टोक रुतलं, पण जेमतेम तीन साखळ्यांवर. चौदा मुलींत आमचा नंबर तेरावा. तिसऱ्या फेकीनंतर पहिल्या सहा जणींना पुढच्या फेकी मिळणार, बाकीच्यांनी घरी जायचं. साहेब लांब उभे होते. त्यांच्या वरच्या खिशात ती लाल पेन्सिल मला दिसत होती.

मी कठड्याला लागून ओरडले, "झमकू, आपला घे! ऐक माझं!" आपला काळा भाला मेजाच्या बाजूला गवतात पडला होता. ती त्याच्याकडे दोन पावलं गेलीसुद्धा. मला हायसं वाटलं.

तेवढ्यात माझ्या शेजारी भीमला कठड्यावर चढला. पागोटं सुटलेलं, दोन्ही हात तोंडाशी.

"छोरी! रोही नोको हाकलू! चिमन्या हाकल, चिमन्या! पऱ्हाटी फेक!"

अख्खं मैदान त्याच्याकडे वळलं. कुणाला काही कळलं नाही, मलाही क्षणभर कळलं नाही. झमकूला कळलं. ज्वारीच्या शेतात रोह्यावर काठी फेकतात ती उंच, जोर लावून, कमान करून. कणसांवरच्या चिमण्यांवर पऱ्हाटी फेकतात ती वेगळी, कानाजवळून, सपाट, हात खाली ठेवून आणि शेवटी मनगटाचा झटका. हलकी वस्तू उंच फेकली तर वाऱ्यावर जाते, हे तिला चालायला लागल्यापासून माहीत होतं. फक्त भाल्याला पऱ्हाटी म्हणायचं तिला सुचलं नव्हतं, आणि मला तर जन्मात सुचलं नसतं.

ती मागे फिरली. काळ्या भाल्याला हात न लावता तिनं हलकाच उचलला. मी डोळे मिटले. मिटले आणि लगेच उघडले, कारण मोजायचं होतं.

ती धावली, या वेळी जरा सावकाश. हात कानाशी, टोक खाली. भाला सुटला तो उंच गेलाच नाही. सपाट गेला, जात राहिला, अजून जात राहिला आणि गवतात खच्च करून रुतला. पांढरं निशाण वर! फीत लावली. त्रेचाळीस मीटर. मी बोटांवर फूट केले, एकशे एक्केचाळीस. चार साखळ्या आणि वर नऊ फूट! पत्रातल्या आकड्यापेक्षा सात फूट पुढे!

भीमलाला इंग्रजी आकडे कळत नाहीत, मीटर तर नाहीच. तो मला गदगदा हलवून विचारत होता, "किती साखळ्या? बाई, साखळ्या किती?" मी सांगितलं तेव्हा तो खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला. मीही रडले. दिल्लीच्या त्या थंडीत, परक्या माणसांत, घोंगडी पांघरून. लाज वाटली नाही आणि आजही वाटत नाही.

पुढच्या तीन फेकींत झमकूला जणू कळच सापडली. पाचवी फेक सव्वासत्तेचाळीस मीटर. एकशे पंचावन्न फूट. पाच साखळ्यांना फक्त दहा फूट कमी! केइको तिच्या पुढे जेमतेम अडीच फूट राहिली, ती पहिली आली आणि झमकू दुसरी. चबुतऱ्यावर उभ्या असताना केइको खाली वाकून झमकूला काहीतरी म्हणाली आणि तिच्या दंडाकडे पुन्हा बोट दाखवलं. त्या पहिल्या "ओ!"चा अर्थ मला तेव्हा कुठे लागला. ती कौतुक करत नव्हती, काळजी करत होती.

साहेब माझ्याकडे आले. हातात पत्र होतं. माझ्या देखत त्यांनी पत्र उघडलं आणि चार साखळ्या आणि दोन फूट यांच्याखाली लाल रेघ ओढली.

"आपका आँकड़ा ग़लत था, मास्टरनीजी. कम लिखा था."

मी म्हटलं, साखळी बरोबर होती साहेब, चूक वजनाची होती. मग मी त्यांना तेलाची गोष्ट सांगितली. ते इतके हसले, की त्यांना खुर्ची घ्यावी लागली, पण हे हसू टोचणारं नव्हतं. खुर्चीवर बसून त्यांनी शांता आणि कमरुन्निसाची नावं शिबिराच्या यादीत स्वतःच्या हातानं उतरवली. कमरुन्निसाचं नाव मी त्यांच्याकडून दोनदा तपासून घेतलं. एकदा अक्कल आली होती.

पुन्हा दिग्रस

परतीचा प्रवास कसा झाला ते मला आठवत नाही. तिघंही झोपलो होतो. यवतमाळहून निघालेली मोटार दिग्रसच्या थांब्यावर आली तेव्हा तांड्यातल्या बाया आरशांच्या काचोळ्या घालून ताट घेऊन उभ्या होत्या आणि शाळेच्या मुलींनी कंडक्टरला दार उघडू दिलं नाही. तोच कंडक्टर. तो सगळ्यांना सांगत होता, "म्याच म्हनलं होतं, भाला आत घ्या, टपावर कायले!"

मिरवणूक आपोआप आबाजी सोनाराच्या दुकानाशी थांबली. आबाजींनी पदक मागितलं. तोलून पाहायचा मोह त्यांना आवरेना. पण भीमलानं हात आडवा केला.

"थे राहू द्या आबाजी. आधी हा भाला तोला."

पुन्हा तराजू आढ्याला टांगला, पुन्हा दोऱ्या बांधल्या. आबाजी वजनं चढवत गेले, साठ, पासष्ट, सदुसष्ट. सदुसष्टला भाला किंचित वर उचलला गेला. त्यांनी चष्मा कपाळावर सारला आणि माझ्याकडे पाहिलं. मी सगळ्या बाजारासमोर कबूल केलं, की चूक माझी. गर्दी हसली, आणि मीही हसले.

भीमला मात्र हसला नाही. तो भाल्याकडे बघत होता आणि झमकू त्याच्याकडे. दिल्लीपासून त्याच्या मनात काहीतरी घोळत होतं, ते आता बाहेर आलं.

"बाई, खरं सांगा. दिल्लीचा भाला हलका होता, म्हनून माही पोरगी एवढी लांब गेली का?"

मी उत्तर देण्याआधी एकदा तपासून पाहिलं, कारण या वेळी चुकायचं नव्हतं.

"नाही भीमला," मी म्हटलं. "दोन वर्षं तिच्या हातात आपला जड होता म्हणून."